पुसावं काय, राखावं काय

(मुलुंड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



कामगार चळवळीतल्या एका कार्यकर्त्याच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो. म्हणून मी कामगाराच्या नोंदीचाच विषय घेतला आहे. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर कंपनीच्या संगणकातून त्याची नोंद काढून टाकायची की नाही, काढायची तर कोणती आणि केव्हा, एवढाच हा प्रश्न. ऐकायला रूक्ष आहे, पण त्यावर माणसाचं म्हातारपण अवलंबून असतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत, १९७३ साली सुरू झालेल्या सीप्झमध्ये, मालाड-गोरेगावच्या काचेच्या इमारतींत रोज कुणी ना कुणी नोकरी सोडतं. राजीनामा मंजूर होतो, नोटीस पिरियड संपतो, आयडी कार्ड जमा होतं, फुल अँड फायनल होतं. पुढे केव्हातरी एचआरमधलं कुणीतरी यादी साफ करायला बसतं. जुनी नावं फार झालीत, सॉफ्टवेअरचं बिल माणशी येतं, शिवाय आता डेटा संरक्षणाचा कायदा आलाय. मग नावं निवडली जातात आणि एका आदेशात शेकडो माणसं यंत्रणेतून जातात. हे करणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. त्याला वाटतं, आपण घर झाडतोय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. माणसाच्या खासगी गोष्टी वेळेवर पुसणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आणि त्याने केलेल्या कामाची नोंद राखणं हेही मालकाचं तितकंच कर्तव्य आहे. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलट चाललं आहे. राखायचं ते पुसलं जातं आणि पुसायचं ते पडून राहतं.

गिरण्यांनी शिकवलेलं

कामाची नोंद हरवली की काय होतं, हे मुंबईइतकं दुसऱ्या कुठल्या शहराने भोगलं नसेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि माणसं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडे परतली. काही आपल्या उपनगरांत आली, मिळेल ते काम करू लागली.

पुढे गिरण्यांच्या जमिनींचा विकास सुरू झाला आणि लांबलचक लढ्यानंतर कामगारांना त्यातली घरं द्यायचं ठरलं. अट अशी की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. म्हाडाकडे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली. संपाला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

आता पुरावा कशाचा द्यायचा? म्हाडाने मागितलेल्या कागदांची यादी वाचली तर कामगाराचं सगळं आयुष्य त्यात दिसतं: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचं कार्ड, हजेरीपत्रक, लिव्ह रजिस्टर, पगाराची पावती, ग्रॅच्युइटी मिळाल्याचा कागद. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पगाराची पावती कोण जपून ठेवतो? ज्यांच्या घरच्या बाईने ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत ती ठेवली, त्यांचं काम सोपं झालं. बाकीच्यांना गिरणीचं दफ्तर शोधत हिंडावं लागलं. आणि दफ्तर कुठे? गिरणी बंद, मालक बदलला, वेळकचेरी पाडली, त्या जागी टॉवर उभा राहिला.

पटावर नाव असलेला, बारा-पंधरा वर्षं साचा चालवलेला माणूस सरकारी टेबलासमोर उभा राहून सांगतो की मी होतो. टेबलामागचा माणूसही खोटा नसतो. त्याला कागद लागतो. कागद नसेल तर त्या पंधरा वर्षांना हिशेबात जागा नाही.

यात कुणी मुद्दाम आग लावली, दप्तर जाळलं असं मी म्हणत नाही. बहुतेक नोंदी बेफिकिरीने गेल्या. वाळवी लागली, पाणी शिरलं, रद्दीत गेल्या. गिरणी बंद पडल्यावर त्या राखण्याची जबाबदारी कुणाची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. संगणकाच्या काळातही ते ठरलेलं नाही.

न्यायालयात मस्टरची किंमत

नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांना फार महत्त्व होतं. वर्षभरात २४० दिवस काम केल्याचं सिद्ध झालं तर कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नव्हतं. ते सिद्ध कुणी करायचं? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हदिमनी प्रकरणात सांगितलं की ती जबाबदारी कामगाराची. नुसतं शपथपत्र पुरेसं नाही.

रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसतं, पगाराची स्लिप नसते. मस्टर असतं ते मालकाच्या कपाटात. २००५ साली येल्लट्टी प्रकरणात न्यायालयाने ही अडचण ओळखली. कामगाराने साक्ष द्यावी आणि मालकाकडचं मस्टर, पगारपत्रक हजर करण्याची मागणी करावी, असा मार्ग दाखवला. पण त्यासाठी मस्टर शिल्लक असायला हवं. ठेकेदाराने सॉफ्टवेअरची वर्गणी थांबवली आणि त्याबरोबर तीन वर्षांची हजेरी गेली, तर न्यायालय काय हजर करायला सांगणार?

नोंद आहे पण चुकीची आहे, हा त्याच दुखण्याचा दुसरा प्रकार. मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वर्षानुवर्षं लढवला होता. जिंकल्यावरही अनेकांचं घोडं अडलं, कारण यादीतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळेना. कुठे आडनाव नव्हतं, कुठे बापाचं नाव निराळं, कुठे स्पेलिंग चुकलेलं. यादी करणाऱ्याने घाईत लिहिलेल्या एका अक्षरापायी कायम नोकरी लांबणीवर पडते.

शरीराचा हिशेब निराळा

आता आपल्या दारातलं उदाहरण घेतो. लाल बहादूर शास्त्री मार्ग हा कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एकेकाळी कारखान्यांचा रस्ता होता. भांडुपला सीएट आणि जीकेडब्ल्यू, विक्रोळीला गोदरेज, घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो, इथे मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे करणारा कारखाना. शेवटच्या दोन्हींशी ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीचा संबंध होता. हिंदुस्तान फेरोडोत गाड्यांच्या ब्रेकचं लायनिंग तयार व्हायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस लागायचं.

ॲस्बेस्टॉसचा तंतू छातीत गेला की माणूस लगेच आजारी पडत नाही. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात. धाप लागायला वीस वर्षं जातात, कधी तीस, आणि मेसोथेलिओमासारखा कर्करोग चाळीस वर्षांनीही उद्भवतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, कारखाना कदाचित बंद झालेला असतो. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची पाहणी करून २००५ साली ती प्रसिद्ध केली. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे दर पाचांत एकाला.

अशा माणसाला भरपाई मागायची तर काय सिद्ध करावं लागतं? तो कोणत्या खात्यात होता, कधीपासून कधीपर्यंत, तिथे धूळ किती होती, त्याचे एक्स-रे काय सांगत होते. हे सगळं मालकाच्या नोंदीत असतं. म्हणूनच २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे उशिराचं असेल तोवर राखा. आपल्या देशात कामगाराच्या नोंदीसंबंधी दिलेला इतका दूरदृष्टीचा आदेश मला दुसरा माहीत नाही. न्यायालयाने मुदत ठरवताना हिशेबनीसाचं वर्ष धरलं नाही, आजाराची चाल धरली.

हिशेबाची वर्षं कुठून येतात तेही पाहा. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात. त्यामुळे कार्यालयांत ‘आठ वर्षं झाली, काढून टाका’ हे वाक्य सहज ऐकू येतं. ताळेबंदासाठी आठ वर्षं ठीक आहेत. रंगाच्या, रसायनाच्या, वेल्डिंगच्या खात्यात काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसाला ती पुरत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये मात्र मुदतीचा रकाना एकच असतो आणि सगळ्यांसाठी एकच आकडा भरला जातो.

डिलीट दाबल्यावर

यंत्रणेच्या आत काय होतं ते थोडं उलगडून सांगतो. एचआर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याची एक मुख्य नोंद असते. तिला एम्प्लॉयी कोड असतो. त्या कोडाला बाकी सगळं जोडलेलं असतं: हजेरी, रजा, पगार, कर्ज, बढती, प्रॉव्हिडंट फंड, अपघात. मुख्य नोंद काढली की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर जोडलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. मग २०१८ च्या मार्चचा पगार आज पुन्हा काढून पाहिला तर एकूण रक्कम तेव्हाच्या आकड्याशी जुळत नाही. किंवा जोडलेल्या नोंदी मागे राहतात, पण त्या कुणाच्या हे सांगणारं कुणी उरत नाही. हजेरीचे दिवस आहेत, माणूस नाही.

त्याहून वाईट म्हणजे रिकामा झालेला कोड पुढे नव्या माणसाला देणं. मग जुन्या माणसाची शिल्लक रजा किंवा मेमो नव्याच्या नावावर दिसू लागतो. जाणकार माणूस म्हणूनच नोंद काढत नाही. तो ती निष्क्रिय करतो, नोकरी सोडल्याची तारीख घालतो, लॉगिन बंद करतो, आणि कोड पुन्हा कुणाला देत नाही. कुणी, केव्हा, काय बदललं याची वेगळी वही यंत्रणेत चालू ठेवतो. हा काळजीपूर्वक काम करण्याचा भाग आहे, त्याला जास्तीचा खर्चही लागत नाही.

नोकरी सोडल्याची ती एक तारीखच घ्या. कंपनीने ती प्रॉव्हिडंट फंडाच्या पोर्टलवर भरली नाही, तर पैसे काढणं, खातं हलवणं अडतं. किती माणसं त्यापायी जुन्या कंपनीच्या दारात हेलपाटे घालत होती! अखेर जानेवारी २०२० पासून फंडाने सदस्याला स्वतःच तारीख भरण्याची सोय दिली. २०१४ पासून युनिव्हर्सल अकाउंट नंबर आला, त्यामुळे एक क्रमांक जन्मभर बरोबर राहतो. ही मोठी सुधारणा आहे. पण २०१४ च्या आधीची सेवा जोडायची तर जुन्या कंपनीचा कागद लागतोच.

त्या कागदाची रुपयांत किंमत काढता येते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या पेन्शन योजनेचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरली तर एका वर्षाच्या सेवेमागे दरमहा सुमारे २१४ रुपये येतात. पाच वर्षांची नोंद सापडली नाही तर महिन्याला हजार रुपयांहून जास्त गेले, तेही हयातभर. आणि १० वर्षांची पात्र सेवा भरलीच नाही, तर मासिक पेन्शनच नाही. वाढीव पेन्शनबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ रोजी आला, तेव्हा कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या जुन्या पगाराचे तपशील पुन्हा काढून द्यावे लागले. १९९५ पासूनचे पगार! ज्यांनी आठ वर्षांनी साफसफाई केली होती, त्यांच्या माजी कर्मचाऱ्यांनी काय करायचं?

पुसून घेण्याचा हक्क

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच कळकळीने मांडतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यातून पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मालकांवरची मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा. दुसऱ्या कायद्याने राखायला सांगितली असेल तेवढी ठेवा. सुरक्षिततेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. युरोपात हा पुसून घेण्याचा हक्क २०१८ पासून लागू आहे, आणि आपल्या उपनगरांत बसून युरोपचं काम करणाऱ्या कंपन्यांना तो परका नाही.

हा हक्क का लागतो? कंपनीकडे आपल्याबद्दल काय काय साठतं ते आठवून पाहा. बोटांचे ठसे आणि चेहरा हजेरीच्या यंत्रात. आधार, पॅन, बँकेचं खातं. बायकोचं, मुलांचं, आईवडिलांचं नाव, वय आणि आजार मेडिक्लेमच्या अर्जात. बाळंतपणाची रजा, मानसोपचाराचं बिल, कोविडच्या काळात भरून घेतलेली आरोग्याची माहिती. नोकरी न मिळालेल्या उमेदवारांचे बायोडेटा. हे सगळं नोकरी संपल्यावर ठेवण्याचं कारण काय? चोरी झाली तर पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. माणूस गेल्यावर त्याचा ठसा यंत्रात एक दिवसही राहू नये.

आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या नावापुढे शेरा राहतो: पुन्हा घेऊ नये. कारण लिहिलेलं नसतं, सही नसते, त्या माणसाला दाखवलेला नसतो. कधी तो युनियनमध्ये पुढे होता म्हणून असतो, कधी एखाद्या बाईने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली म्हणून. पुढच्या नोकरीच्या वेळी चौकशीचा फोन येतो आणि तो शेरा बोलतो. वर्षानुवर्षांची हजेरी पुसली जाते आणि एका दुखावलेल्या वरिष्ठाचं एक वाक्य मात्र टिकतं. पुसण्याच्या हक्काची गरज इथे सर्वांत जास्त आहे.

जाताना हातात काय द्यायचं

मग वागावं कसं? मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत.

पहिली गोष्ट एचआरमधल्या मंडळींसाठी. सगळ्या नोंदींना एक मुदत लावू नका. बोटांचे ठसे, कुटुंबाचे तपशील, न घेतलेल्या उमेदवारांचे बायोडेटा, कारण न दिलेले शेरे, हे लवकरात लवकर पुसा आणि पुसल्याची नोंद ठेवा. पगार आणि कर यांच्या नोंदी कायदा सांगेल तोवर ठेवा. सेवेचा कणा मात्र कधीच पुसू नका. नाव, कोड, फंडाचा क्रमांक, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, खातं, शेवटचा पगार, अपघात आणि धोकादायक कामाचा तपशील, एवढंच पुरतं. त्याला जागा किती लागते? हजार माणसांचा कणा एका साध्या फाइलीत मावतो. शिवाय धोकादायक खात्यांतल्या आरोग्यनोंदींना न्यायालयाने घालून दिलेली मोठी मुदत लावा. सॉफ्टवेअर बदलताना, कंपनी विकताना आधी हा कणा बाहेर काढून घ्या.

दुसरी गोष्ट सरकारसाठी. कंपनी बंद पडली, दिवाळखोरीत गेली की तिच्या नोंदी कुणाकडे जाणार हे कायद्याने ठरलं पाहिजे. जमिनीचा सातबारा मालक बदलला म्हणून नाहीसा होत नाही. कामगाराच्या सेवेलाही तसाच कायमचा उतारा हवा, आणि तो सांभाळणारं सरकारी दफ्तर हवं. नोंद जपणं अशक्य नाही हे विक्रोळीतच दिसतं. गोदरेजने २००६ पासून तिथे आपलं अभिलेखागार चालवलं आहे आणि कामगार-कर्मचाऱ्यांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. एका कंपनीने स्वतःच्या इच्छेने केलेलं काम राज्याने सगळ्यांसाठी करावं, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी, म्हणजे नोकरी करणाऱ्या प्रत्येकासाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ते मागून घ्या. नोकरी सोडताना कंपनीचं लॉगिन बंद होण्याआधी पगाराच्या सगळ्या स्लिपा, फॉर्म १६, रजेचा हिशेब उतरवून घ्या. फंडाच्या पासबुकात नाव, जन्मतारीख आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे का ते पाहा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. घरकाम करणाऱ्या, ठेकेदाराकडे राबणाऱ्या, डिलिव्हरी करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही हे सांगा, कारण त्यांच्या वाट्याला नोंद सर्वांत कमी येते.

या सभागृहात मला एचआरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी बरीच तरुण मुलंमुली दिसत आहेत. तुमच्या पडद्यावरच्या यादीतलं प्रत्येक नाव उद्या कुठल्यातरी टेबलासमोर उभं राहून ‘मी इथे काम केलं’ असं सांगणार आहे. ते खरं असल्याचा कागद त्याला तुमच्याकडूनच मिळायला हवा. त्याचं खासगी जे आहे ते पुसून टाका आणि त्याने केलेलं काम लिहिलेलं राहू द्या, एवढी विनंती करून थांबतो.